एक तुकडा जास्त

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळ्यांनी पावाचा एकेक तुकडा घेण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं आणि त्याचा पाव आदल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी कापला जातो. हे काम बाबांकडे कसं आलं ते आता कोणालाच आठवत नाही. आई होती तेव्हा ती पाव आणायची आणि बाबा कापायचे. आई गेल्यावर मी आणते, कापतात बाबाच. साधा स्लाइसचा पाव, तोही एक दिवसाचा शिळा, कारण ताजा सुरीला चिकटतो. आधी चारी बाजूंच्या कडा काढायच्या, मग उभे काप, मग आडवे. बोटाच्या नखाएवढा एकेक चौकोन. बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. चहाचा कप धरला की त्यांचा हात थरथरतो, बशीत चहा सांडतो, पण सुरी धरली की हात गप्प. याचं कारण मला माहीत आहे. बाबांनी उभं आयुष्य सरकारी कारखान्यात तोफेचे गोळे भरले. तिथं हाताला थरथरायची मुभा नव्हती.

आता कोणी विचारेल, गोळे भरणारा माणूस प्रभुभोजनाचा पाव कसा कापतो. मला हा प्रश्न वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता, आणि मी गणिताची शिक्षिका आहे, म्हणजे प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. पण घरातली एखादी वस्तू जन्मापासून एकाच जागी असली की ती दिसेनाशी होते. सकाळी भोंगा, सायकल, डबा. रविवारी पांढरा शर्ट आणि काखेत शास्त्र, म्हणजे बायबल. नागपूरजवळच्या वाडीत आमच्या गल्लीत निम्मी घरं कारखान्याची आणि निम्मी ट्रकवाल्यांची. कोणाच्या बापाचं काम काय, यावर कोणी विचार करत बसत नव्हतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी एक शहाणपणा केला. रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. धडा होता शत्रूवर प्रीती करण्याचा. मुलं जांभया देत होती आणि खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता. हा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की तोंड आपोआप चालतं. म्हणून मी एक कागद तयार केला. त्यावर तीन प्रश्न लिहिले आणि सांगितलं की मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, विचारा, वहीत लिहून आणा. मला वाटलं होतं, मुलांना जरा जिवंत काही ऐकायला मिळेल.

वर्गातल्या दोन मुली आमच्याच घरी आल्या, कारण बाबा मंडळीतले सगळ्यांत म्हातारे आणि त्यांच्या डब्यात क्रीमची बिस्किटं असतात. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, तुम्हाला कोणी मारलं आणि तुम्ही दुसरा गाल पुढे केला, असं कधी झालं का?"

"झालं ना. चवथीत मास्तरनं एका गालावर ठेवली. मी दुसरा पुढं केला. त्यानं त्याच्यावर बी ठेवली."

मुली खिदळल्या. मीही आत हसले. दुसरा प्रश्न होता, तुमचा शत्रू कोण होता आणि त्याच्यावर तुम्ही प्रीती कशी केली? बाबा म्हणाले, "हे उद्या सांगतो." तिसऱ्यात प्रश्न नव्हताच. समेटाबद्दलचा एक उतारा त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा होता. वेदीवर अर्पण घेऊन आलेल्या माणसाला प्रभू सांगतो की अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बाबांनी भिंग घेतलं आणि वाचायला लागले. हा उतारा आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी दर वेळी वाचतात, बाबांना तो पाठ आहे. पण अर्ध्यात ते थांबले. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"जा बेटा आता," ते मुलींना म्हणाले. "अंधार पडून राहिला."

दुपारचे चार वाजले होते.

पुढच्या पहिल्या रविवारी थाळी आमच्या बाकापर्यंत आली. बाबांनी ती घेतली आणि स्वतःचा तुकडा न उचलता माझ्या हातात दिली. मला वाटलं, म्हातारा विसरला. कोपरानं ढोसलं तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परत येताना ऑटोत विचारलं तर म्हणाले, "दात दुखून राहिला." बाबांच्या तोंडात बारा वर्षांपासून कवळी आहे. दुसऱ्या महिन्यात पोट बिघडलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सबब सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. आणि तरी तिन्ही शनिवारी सुरी घेऊन बसले होते. दुसऱ्यांसाठी कापायचं आणि आपण खायचं नाही, हे मला कळेना.

मला राग येत होता आणि तो लपवायची मला सवय नाही. आमच्या मंडळीत प्रभुभोजन सोडलं की त्याचा एकच अर्थ निघतो, कोणाशी तरी भांडण आहे किंवा पोटात काही पाप आहे. बायकांनी मला विचारायला सुरुवात केली, "घरी काही झालं का?" म्हणजे संशय माझ्यावर. पण राग वरवरचा होता, खाली भीती होती. डॉक्टरांनी बाबांच्या छातीबद्दल मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर मंडळीला जेवायला वाढलं, तो स्वतः मेजावरून उठून गेल्यासारखा मरेल, हे मला सहन होत नव्हतं.

बाबा बोलणार नाहीत हे ठाऊक होतं. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी मनीषनगरला गेले, बाबांच्या कारखान्यातल्या सोबत्याकडे. हे काका बाबांच्या शेजारच्याच जागेवर काम करायचे. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला शिव्या देतात. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथंच, नागपुरात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. लहानपणी मला दोघांच्या मैत्रीचं नवल वाटायचं, कारण एकमेकांच्या धर्मावर दोघं जे बोलायचे ते दुसऱ्या कोणी बोललं असतं तर मारामारी झाली असती.

मी सगळं सांगितलं. 

"तुझ्या बापाचं अन् माझं दुखणं एकच होतं वं," ते म्हणाले. "आमचं पहिलंच शील, जीव घ्यायचा नाही. मी ते विहारात म्हणायचो अन् दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीले जायचो. घरी चार तोंडं होती. मी मनाले सांगितलं, मी नाही भरला तर दुसरा भरीन. तुझ्या बापाचं तेवढ्यानं नाही भागलं."

मग त्यांनी खंडेनवमीचं सांगितलं. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्या मशिनींची पूजा व्हायची, हळदकुंकू, नारळ, पेढे. हे दोघं मागे पाण्याच्या टाकीपाशी उभे राहायचे. फोरमन भला माणूस होता. तो म्हणाला, नुसते उभे नका राहू, तुम्ही तुमच्या पद्धतीनं काही करा.

"मी म्हटलं, मले तर देवच नाही, मी कोणाले मागू? तुझा बाप पुढं गेला, एका रिकाम्या गोळ्यावर हात ठेवला अन् डोळे मिटले. साऱ्यायले वाटलं, हा कामात बरकत मागून राहिला. मी बाजूलेच होतो, मले ऐकू आलं. तो म्हणून राहिला होता, देवा, हा फुटू नको देऊ."

"फुटू नको देऊ?" मी विचारलं.

"मग ते रोजचंच झालं," ते म्हणाले. "पाळी सुरू झाली की पहिल्या गोळ्यावर हात, अन् हेच. मी म्हटलं, अबे, तुझ्या देवानं ऐकलं तर सरकार आपल्याले घरी बसवीन. तर म्हणे, माल चोख भरायचा, हातात कसर नाही ठेवायची. फुटणं न फुटणं त्याच्यावर."

"मग? देवानं ऐकलं?"

"चाचणीले एक बी कधी गचकला नाही. सारे फुटले." काका हसले आणि मग हसायचे थांबले. "बाकीचं त्याले विचार. एका उन्हाळ्यात त्यानं ते म्हणणं सोडलं. काहून सोडलं ते मी त्याले कधी विचारलं नाही."

परत येताना बसमध्ये मला आधी हसू आलं आणि मग चीड. हे कुठलं गणित? दिवसभर नीट, काटेकोर, सरकारच्या मापानं काम करायचं आणि ते काम फुकट जावं म्हणून प्रार्थना करायची. नोकरी सोडायची हिंमत नाही आणि ती मनापासून करायचीही नाही. आणि मग वाटलं, मी तरी काय सोडलं असतं. त्या पगारावर मी शिकले. माझी बी.एड.ची फी गोळ्यांतूनच आली.

घरी आले तेव्हा बाबा पलंगावर बसून मोजे घालत होते. मी सरळ विचारलं.

"त्याचं तोंड कधी बंद राहिलं?" बाबा म्हणाले. पण चिडले नाहीत.

"सोडलं काहून ते म्हणणं?"

एका पायात मोजा, दुसरा हातातच राहिला. "तुझा भाऊ लढाईत तोफेवर गेला तेव्हा," ते म्हणाले.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बारावी झाल्याबरोबर फौजेत गेला, तोफखान्यात. बाबांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मग एका उन्हाळ्यात डोंगरांवर लढाई सुरू झाली आणि भावाची तुकडी वर गेली. तो ज्या तोफेवर होता, तिचे गोळे बाबांच्या शेडमध्ये भरले जात. ते दिवस मला स्वच्छ आठवतात. कारखान्यात जादा पाळ्या लागल्या होत्या. बाबा सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर परत यायचे. मी दुसरा डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. पत्र यायचं ते दोन आठवडे जुनं, त्यावर विश्वास कसा ठेवायचा हे कळायचं नाही. आई रेडिओजवळून हलत नव्हती. घरात सगळेच प्रार्थना करत होतो, जेवताना, डबा भरताना, कपडे वाळत घालताना. बाबा थकत नाहीत याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. वाटलं होतं, देशासाठी राबताहेत.

"त्या उन्हाळ्यात मी एका गोळ्यावर नाही, हरेक गोळ्यावर हात ठेवला," बाबा म्हणाले. "म्हटलं, देवा, हा फुटू दे. नेमका तिथं पडू दे अन् फुटू दे. अन् फुटले वं. तुझा भाऊ घरी आला."

"मग चांगलंच झालं ना, बाबा."

"माझं चांगलं झालं."

मग त्यांनी उशाजवळचं शास्त्र घेतलं आणि मुलींना वाचून दाखवलेला तो उतारा काढला. म्हणाले, इतकी वर्षं मी हे ऐकून आपल्या मनात पाहायचो, की माझं कोणाशी वैर आहे काय. नाही. मग निश्चिंत मनानं घ्यायचो. "पण इथं तसं नाही विचारलं. माझ्या मनात कोणाबद्दल काही आहे काय, हे नाही विचारलं. दुसऱ्या कोणाच्या मनात माझ्याबद्दल काही आहे काय, हे विचारलं आहे. असेल तर आधी त्याच्याकडे जा म्हणते, मग मेजाकडे ये." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आता मी कोणाकडे जाऊ? नाव माहीत नाही. गाव माहीत नाही. त्याची माय असेल, बायको असेल, मले त्यायचं काहीच माहीत नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की लढाईत असं धरत नाहीत. बाबा म्हणाले, "कोण धरत नाही?" 

मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेले. ते नगरकडचे, वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान, स्कूटरवर फिरतात, माणूस मनानं चांगला. मी कागदावर प्रश्न लिहून नेला होता. मला एका ओळीत उत्तर हवं होतं, शस्त्र धरणं किंवा शस्त्र बनवणं आपल्याला चालतं की नाही. त्यांनी चहा मागवला. मग सांगितलं की पहिल्या शतकांत कित्येक विश्वासणारे फौजेत जायला तयार नव्हते, काहींनी त्यापायी जीव दिला. मला बरं वाटलं, म्हटलं एक बाजू झाली. मग म्हणाले, पण नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या संदेष्ट्याकडे शिपाई आले होते, त्यांना त्यानं नोकरी सोडायला सांगितलं नाही. कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याच्या, शताधिपतीच्या, विश्वासाचं तर प्रभूनं कौतुक केलं, तलवार टाक असं म्हटलं नाही. बागेत प्रभूला पकडायला आले तेव्हा मात्र शिष्यानं तलवार काढून एकाचा कान तोडला, तर प्रभूनं ती म्यानात घालायला लावली आणि तो कान बरा केला.

"पण त्याच रात्री, जेवताना, तलवार नसेल त्यानं अंगरखा विकून ती घ्यावी असंही सांगितलं होतं ना?" मी विचारलं. हे मी घरून शोधून गेले होते.

"होय," पाळकसाहेब म्हणाले. "त्यावरही विद्वानांत मतभेद आहेत. पुढे मंडळीनं असंही शिकवलं की निर्दोषाला वाचवण्यासाठी, नाइलाज म्हणून, मर्यादेत बळ वापरता येतं. आणि काही पंथ आजही म्हणतात की कधीच नाही. दोन्हीकडे देवभीरू माणसं आहेत."

"म्हणजे उत्तर काय?"

त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं. "मलाही नक्की माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

माझ्या विद्यार्थ्यानं पेपरात असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. पण तो माणूस खोटं बोलला नाही, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. मी गेले तेव्हा माझा एकच प्रश्न होता, परत येताना चार झाले होते.

जानेवारीत बाबांना छातीत कळ आली. चार दिवस दवाखान्यात काढून घरी आणलं. पुण्याहून भाऊ आला. तो आता फौजेतून निवृत्त झाला आहे, एका कानानं त्याला कमी ऐकू येतं, तोफेची देणगी. बाबांचं प्रकरण मी त्याला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा त्यानं मध्येच फोन ठेवला होता. त्या महिन्यातला पहिला रविवार तर दवाखान्यातच गेला होता. म्हणून पाळकसाहेब दुसऱ्या रविवारी घरी प्रभुभोजन द्यायला आले. आजारी माणसासाठी तशी पद्धत आहे. स्टुलावर पांढरा रुमाल, छोटी थाळी, द्राक्षरसाचे चार काचेचे पेले. बाहेर अमरावती रोडवरून ट्रक गेला की पेले एकमेकांवर किणकिणायचे.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि थाळी बाबांपुढे धरली. बाबांनी मान हलवली.

भाऊ उभा राहिला. "हे माझ्यामुळे आहे," तो म्हणाला. "मले सरळ सांगा ना बाबा. मी वर्दी घातली ते चुकलं काय?"

"नाही."

"मग गोळे फुटले ते चुकलं?"

"मले नाही माहीत."

"ते फुटले म्हणून मी इथं उभा आहो. नसते फुटले तर त्या भिंतीवर आईच्या बाजूले माझा फोटो असता. तुमाले तो पाहिजे होता काय?" त्याचा आवाज वाढला होता. कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमीच मोठ्यानं बोलतो, पण हे तसं नव्हतं.

"मले तू पाहिजे होता," बाबा म्हणाले. "अजून बी पाहिजे. तेच तर सांगून राहिलो." मग ते पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, पश्चात्ताप म्हणजे मी पुन्हा असं नाही करणार, असं देवाले सांगणं. बरोबर?"

"बरोबर," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"मी तर पुन्हा तेच मागीन. उद्या लढाई झाली अन् पोरगं तोफेवर असलं तर उद्याच मागीन. मग मी कोणत्या तोंडानं खाऊ?"

 मला वाटलं होतं, पाळक आहे, काही वचन काढेल, काही सूट सांगेल. मी मनातून त्याची वाट पाहत होते. पण त्या तरुण पाळकानं थाळीवर रुमाल घातला आणि आपल्याला प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. आम्ही सगळे म्हणायला लागलो. क्षमेच्या ओळीशी बाबांचा आवाज थांबला आणि पुढच्या ओळीला परत आला. भाऊ अंगणात गेला आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला. मला बापाची दया येत होती, भावाचीही, आणि दोघांपैकी कोण बरोबर हे मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

भाऊ दोन दिवसांनी गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. आमच्यात पाया पडायची पद्धत नाही, फौजेत शिकला असेल. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. कदाचित काहीच म्हणाले नसतील.

फेब्रुवारीच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मी पाव आणला. बाबा अशक्त होते, मी म्हटलं या वेळी मी कापते. "तुझे तुकडे वाकडे येतात," म्हणाले आणि सुरी मागितली. मी समोर बसले. आमच्याकडे घेणारे साधारण सत्तर. बाबा दहादहाच्या सात ओळी लावतात, म्हणजे मोजायला सोपं. मला मोजायची खोडच आहे. सात ओळी झाल्या. मग बाबांनी अजून एक तुकडा कापला आणि तो ओळींपासून वेगळा, थाळीच्या काठाशी ठेवला.

"हा कोणाचा?"

"त्याचा."

"कोणाचा, बाबा?"

"ज्याच्याकडे मले जाता येत नाही त्याचा." त्यांनी वर पाहिलं नाही. "मी नाही जाऊ शकत. तो येऊ शकते. आला तर त्याच्यासाठी पान वाढलेलं पाहिजे."

"तो मेला आहे बाबा," मी म्हटलं. मला इतकं कठोर बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"माहीत आहे मले," बाबा म्हणाले.

मी त्या एका तुकड्याकडे पाहत बसले. आणि तो उन्हाळा मला आठवला, आधी आठवला होता तसा नाही, आणखी जवळून. स्वयंपाकघरात ओट्यापाशी मी बाबांचा दुसरा डबा भरत असे. पोळ्या, कांद्याची भाजी, मिरचीचा ठेचा. डब्याचं झाकण लावताना मी रोज डोळे मिटायची. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला माझा भाऊ परत हवा होता. मी काय मागितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवलं. त्यात नुसतं त्याला सांभाळ असं नव्हतं. आणि नंतरची सगळी वर्षं मी दर महिन्याला हात पुढे करून थाळीतला तुकडा घेतला, मुलांना शत्रूवरच्या प्रीतीचा धडा शिकवला, त्यांना प्रश्न लिहून दिले. स्वतःला एकही विचारला नाही.

"अजून एक कापा," मी म्हटलं.

"काहून?"

"त्या उन्हाळ्यात मीबी तेच मागून राहिली होती. तुमचा डबा भरताना. रोज. सारे फुटू दे म्हणून."

बाबांनी सुरी खाली ठेवली. आधी त्यांना राग आला, मला दिसला. "तुले कोणी सांगितलं होतं मागाले?" ते म्हणाले. "ते माझं काम होतं."

 बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा. बाबा थाळीकडे पाहत होते.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "मी एकटाच मागून राहिलो होतो."

मग त्यांनी फडक्यानं सुरी पुसली, पाकिटातून आणखी एक स्लाइस काढली आणि तिच्या कडा काढायला लागले. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून पाव मी धरला.